लेन्स चोख, ट्रायपॉड अर्धवट: ठाण्यातील एका भाड्याच्या दुकानाचा अनुभव

ठाणे स्टेशनपासून पश्चिमेला दहा मिनिटे चालत गेले की एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कॅमेऱ्याचे साहित्य भाड्याने देणारे दुकान लागते. वसईचा किल्ला आणि त्याला लागून असलेला खाडीकाठ संध्याकाळच्या उजेडात टिपायचा, एवढ्यासाठी पौष पौर्णिमेच्या शनिवारी मी तेथून एक लेन्स आणि एक ट्रायपॉड आणला. लेन्सचे भाडे चोवीस तासांना ९०० रुपये, ट्रायपॉडचे २५०, शिवाय अनामत रक्कम आणि आधार कार्डाची प्रत.

मी मागायला गेले होते ती दूरचे जवळ आणणारी ७०-२०० मिलिमीटरची, एफ २.८ ची, म्हणजे छिद्र मोठे उघडणारी लेन्स. गल्ल्यावरच्या काकांनी ती कपाटातून काढण्याआधी कुठे जाणार, किती वाजता पोहोचणार आणि ट्रायपॉड लावणार का, एवढे विचारून घेतले. मग म्हणाले, “ताई, दीड किलोचे ओझे वाहाल आणि किल्ल्यातला मनोरा चौकटीत मावणार नाही.” त्यांनी पुढे केली ती रुंद दृश्य मावणारी १६-३५, एफ ४ ची. एफचा अंक वाढला की छिद्र लहान होते. सूर्य मावळल्यावर कॅमेरा स्थिर ठेवून, छिद्र एफ ८ वर नेऊन दहा-दहा सेकंदांची छायाचित्रे घ्यायची असतील, तर एफ २.८ चे जास्तीचे भाडे वाया जाते, हे त्यांचे म्हणणे मला पटले. भाडे कमी मिळेल असा सल्ला दुकानदाराने आपणहून द्यावा, हे मला तरी नवीन होते.

त्याहून मोलाचे होते ते त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातील तिथीवर बोट ठेवून सांगितलेले. पौर्णिमा आणि अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी असते. अष्टमीला याच्या उलट. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी काठोकाठ असते, प्रतिबिंबे सुरेख मिळतात, पण बोटी डुलत राहिल्याने दहा सेकंदांत त्यांच्या काठ्या पुसट होतात. पौर्णिमा-अमावास्येच्या, म्हणजे उधाणाच्या ओहोटीला त्याच बोटी चिखलात रुतून बसतात आणि अगदी रेखीव येतात. शिवाय पौर्णिमेला इकडे सूर्य टेकतो त्याच सुमारास तिकडे पूर्वेला तटामागून चंद्र वर येतो. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक असल्याने आत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, तेव्हा तो बाहेर खाडीकाठीच उघडा, हेही त्यांनी बजावले.

लेन्स देताना त्यांनी तिच्या आरपार मोबाईलची बॅटरी मारून बुरशी नसल्याचे दाखवले आणि हुडवर असलेला जुना ओरखडा माझ्यासमोर पावतीवर लिहिला.

आम्ही बहीणभाऊ घोडबंदर रोडची कोंडी पार करून पाचच्या आत वसईत पोहोचलो. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला हा किल्ला म्हणजे तटाच्या आतले एक मोडके शहरच आहे. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे. त्यातल्या घंटा मात्र गेल्या. वसईच्या मोहिमेत मिळालेल्या घंटांपैकी एक भीमाशंकरला आणि एक मेणवलीच्या घाटावर टांगलेली आहे, असे सांगतात. तिरप्या उन्हात चुना उडालेल्या भिंतीचा एकेक दगड सुटा दिसू लागतो. १६ मिलिमीटरवर कॅमेरा वर कलवला की मनोरा मागे कोसळल्यासारखा येतो. कॅमेरा सरळ धरून चार पावले मागे गेले की मनोरा उभा राहतो. चौकटीच्या कडांपर्यंत लेन्स कुठेही ढिली पडली नाही.

घोटाळा झाला तो जेट्टीवर. सूर्य बुडायला दहा मिनिटे असताना ट्रायपॉड उघडला, तर कॅमेऱ्याच्या बुडाला लावून तो ट्रायपॉडवर अडकवायची पिशवीतली प्लेट दुसऱ्याच ट्रायपॉडची निघाली. ती खाचेत सरकत होती, पण अडकत नव्हती. कॅमेरा बसवला की हळूच पुढे घसरायचा. आपल्याकडे संधिप्रकाश रेंगाळत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत निळाई संपते, आणि त्यातली सहा-सात मिनिटे आम्ही त्या प्लेटशी झटापट करण्यात घालवली. अखेर वलांडीवरचे, म्हणजे मासे वाळवायच्या दांडीवरचे बोंबील काढून पाटीत भरत असलेल्या एका कोळीण मावशींनी जाळ्याची एक जाड घडी दिली. ती कठड्यावर ठेवून, त्यात कॅमेरा रुतवून आणि दोन सेकंदांचा टायमर लावून आठ छायाचित्रे घेतली. चार निभावली, एकात भाईंदरकडे निघालेल्या रो-रो बोटीच्या दिव्यांची सलग पिवळी रेघ आली आहे. चंद्राचे एकही धड आले नाही, कारण तटाकडे वळायला उजेडच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तक्रार केली तेव्हा काकांनी वाद न घालता ट्रायपॉडचे २५० रुपये परत केले आणि खण ओढून दाखवला: सगळ्या ट्रायपॉडांच्या प्लेटा एकाच प्लास्टिकच्या डब्यात. मला त्यांच्या प्रामाणिकपणापेक्षा त्या डब्याचा राग जास्त आला, कारण लेन्सचा ओरखडासुद्धा नोंदवणाऱ्या माणसाला प्रत्येक प्लेटेवर एक अंक लिहिणे अवघड नव्हते. परतीला दीड तास उशीर झाल्याबद्दल त्यांनी अर्ध्या दिवसाचे भाडे कापून घेतले. तो नियम पावतीवर छापलेला आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

लेन्ससाठी मी पुन्हा तेथेच जाईन, तेही गर्दी नसताना, म्हणजे काकांशी निवांत बोलता येईल. ट्रायपॉड घेणाऱ्याने मात्र आपला कॅमेरा सोबत न्यावा, तो गल्ल्यावरच बसवून, उलटा करून पाहावा आणि मगच जिना उतरावा.