निवडणुकीपूर्वी बंदूक जमा करण्याची सोय : लष्कर भाग, ग्वाल्हेर शहर

आजोबांची 12 बोअरची दुनाळी बंदूक परवान्यासह आता माझ्या नावावर आहे, त्यामुळे 2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी ती जमा करण्यासाठी मी आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, परवान्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी दोनदा ताडून पाहिला, दस्त्यावरच्या जुन्या चिरेचीही नोंद केली आणि मगच शिक्क्याची पावती दिली. ही काटेकोर तपासणी मला फार आवडली. परत घेताना मात्र तीन खेपा पडल्या आणि नळीवर गंजाचे ठिपके दिसले. बंदूक ठेवताना तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळायला हवी होती.

तरीही ही व्यवस्था आवश्यकच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 134ब नुसार, कर्तव्यावरील अधिकारी व पोलीस वगळता कोणीही मतदानाच्या दिवशी केंद्राच्या परिसरात शस्त्र नेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, शस्त्र जप्त होऊ शकते आणि परवानाही रद्द मानला जातो. आमच्या चंबळ-ग्वाल्हेर पट्ट्यात खांद्यावर बंदूक हा प्रतिष्ठेचा भाग समजला जातो. तिच्या नुसत्या दर्शनानेही रांगेतला माणूस दबतो, हे मी लहानपणी पाहिले आहे. पावती मात्र जपून ठेवा, तिच्याशिवाय बंदूक परत मिळवताना फार त्रास होतो.