उद्यमनगरात येझदी रंगवून घेतली, त्याचा अनुभव

वडिलांची येझदी रोडकिंग जुलैत कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पेंटिंगवाल्याकडे दिली. बाहेर पाटी नाही, पत्र्याची शेड, दारात बुलेटच्या दोन टाक्या तारेला लोंबताहेत. रंग ठरला कँडी मरून. आठ दिवस कबूल केले, लागले एकोणीस.

मी डिप्लोमावाली, त्यामुळे रंगाच्या डेटा शीटची (रंग कसा मारायचा त्याच्या कंपनीच्या सूचना) प्रिंट घेऊनच गेले. मिस्त्रीमामांनी ती लांब धरून बघितली. "ताई, ह्यात पावसाळ्यातलं कोल्हापूर कुठं लिवलंय?"

खरंच लिहिलेलं नव्हतं. शीट म्हणते, रंगाच्या दोन हातांमध्ये दहा मिनिटं. मामा घड्याळ बघत नाहीत. मास्किंग टेपवर उडालेल्या रंगाला बोट लावतात. बोटाबरोबर तार निघाली तर थांबायचं. नुसतं चिकट लागलं, तार तुटली, की पुढचा हात. त्या दिवशी झड लागली होती, एका हाताला बावीस मिनिटं गेली (मी मोजली). दहाव्या मिनिटाला घाई केली असती तर थिनर आत कोंडून वर टाचणीएवढे फोड आले असते. स्प्रे गन धरण्याआधी त्यांनी कॉम्प्रेसरखालचा कॉक सोडला, तर अर्धा मग तांबूस पाणी निघालं. ते सगळं टाकीवर बसलं असतं.

कँडीत खाली सिल्व्हर आणि वर पारदर्शक लाल. प्रत्येक हाताला रंग गडद होत जातो, म्हणून एक फेरी जरी वर-खाली झाली तरी पट्टा दिसतो. मामा मनगट वळवत नाहीत, अख्खं अंग सरकवतात, टाकीच्या गोलाईवर सुद्धा. मी भंगारातल्या मडगार्डवर हात मारून बघितला. पहिल्याच फेरीत ओघळ.

हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, मात्र अंदाजानं घालतील असं वाटलं होतं, तर मापाची पट्टी काढली. "थिनर हवा बघून. ह्याला अंदाज चालत न्हाई."

आता तक्रार. वडील गाडीला वर्षानुवर्षं सिलिकॉन पॉलिश चोळायचे. घासायच्या आधी सिलिकॉन रिमूव्हरनं पुसा, एक कापड ओलं, एक कोरडं, असं शीट दाखवून सांगितलं होतं. मामांनी खिशातल्या फडक्याला थिनर लावून साइड पॅनल पुसले. रंग पडताच माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे. सगळं उतरवून परत, दोन दिवस गेले. जादा पैसे घेतले नाहीत, पण चूकही कबूल नाही. "एवढं पॉलिश लावतंय कोण ओ?"

दुसरी तक्रार मोठी. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडू शकतो. मामा तोंडाला रुमाल बांधतात, मदतीच्या पोराला तेवढाही नाही. रुमालानं ते अडत नाही. मी चांगला मास्क आणून दिला, तो गाडी न्यायला गेले तेव्हा खिळ्यालाच होता.

साडेअकरा हजार झाले. रंग बदललाय म्हणून आरसीवर नोंद करायची, ते आपलं आपण बघायचं. काम पाचपैकी चार, वेळेला दोन, आणि तिथं लहान पोरांना घेऊन थांबू नका.

टाकीवर पेट्रोल सांडायला आठ दिवस बंदी होती. महिना उलटला, वडील अजून पंपावर झाकणाभोवती जुनं धोतर गुंडाळतात आणि पंपावरच्या पोराला नळी हळू धरायला लावतात.