रंग निवडण्यात आम्हाला गुंतवलं आणि आतला माल बदलला

सिंकखालच्या कपाटाचं दार फुगलं, तेव्हा पहिल्यांदा शंका आली. इंटिरियरच्या कामाला अजून वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या एका सुताराला बोलावलं. त्याने दार उतरवलं, कडेची पट्टी उचकटली आणि म्हणाला, "ताई, हे बघा." प्लायच्या थरांमध्ये बोटाचं टोक आत जाईल एवढी पोकळी होती. नखाने ओढलं तरी पापुद्रे सुटत होते.

आम्हाला दाखवलेला नमुना असा नव्हता. ठेकेदाराने मरीन प्लायचा, म्हणजे ओल्या जागी टिकणाऱ्या प्लायचा, तळहाताएवढा तुकडा आणला होता. कड भरीव, थराथरांत गडद तपकिरी रेघा. त्या रेघा फिनॉलिक गोंदाच्या, जो पाण्याला दाद देत नाही. साध्या प्लायमध्ये बहुतेक वेळा युरियाचा फिकट गोंद असतो आणि ओल्या जागी तो सुटत जातो. आमच्या दारात एकही गडद रेघ नव्हती. अर्थात नुसत्या रेघांवरही जाऊ नका, गोंदात रंग मिसळून त्या गडद करता येतात. कापलेला तुकडा काही तास पाण्यात उकळून बघा. साध्या गोंदाचे थर सुटायला लागतात.

हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर कसं झालं, याचा मी खूप विचार केला. ज्या दिवसांत प्लाय आला आणि कापला गेला, त्या दिवसांत आम्ही शेडकार्डं चाळत बसलो होतो. रोज संध्याकाळी ठेकेदार नवे तुकडे घेऊन यायचा. हा राखाडी बघा, हा जरा उबदार आहे, याच्याशी तो पडदा जाईल. आम्ही खूश. लॅमिनेटचे, म्हणजे प्लायवर चिकटवायच्या सनमायकाचे, शेड नंबर तीन-तीनदा तपासले, प्लायवरचा प्रतीचा शिक्का मात्र एकदाही बघितला नाही. एकदा दोन्ही बाजूंनी लॅमिनेट चढलं आणि कडेला पट्टी बसली की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

मग लॅमिनेटच्या उरलेल्या तुकड्यांची जाडी मोजली. ठरलं होतं १ मिमी लॅमिनेट, लावलं होतं ०.८. बोटांना हा फरक कळत नाही, जाडी मोजायच्या व्हर्नियर कॅलिपरला लगेच कळतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. बैठकीच्या खोलीतला रंग दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली करडा वाटला आणि घरी दिवसाउजेडी हिरवट दिसायला लागला. त्यात त्याची लबाडी नव्हती. प्रकाश बदलला की रंग बदलतो, म्हणून भिंतीवरच मोठा चौकोन रंगवून सकाळी, दुपारी आणि रात्री बघायला हवा होता. पण आम्ही तक्रार केल्यावर त्याने ती भिंत फुकट रंगवून दिली आणि तिथेच आमचा त्याच्यावर पुरता विश्वास बसला. दार उघडं पडल्यावर त्या भिंतीवरून ओलं फडकं फिरवलं, तर फडक्यावर रंग उतरला. धुता येणाऱ्या इमल्शनऐवजी साधा डिस्टेंपर मारला होता. रंगाचे डबे आमच्यासमोर उघडलेच नव्हते.

जाब विचारला तेव्हा त्याने शांतपणे कोटेशनवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'चांगल्या प्रतीचा प्लाय'. मरीन हा शब्द नाही, जाडी नाही, कंपनी नाही. रंगापुढे फक्त शेडचं नाव. बाकी सगळं तोंडी. शेवटचा हप्ताही आम्ही आधीच देऊन बसलो होतो.

पैसे परत मिळाले नाहीत. ओट्याखालची कपाटं नव्या सुताराकडून पुन्हा करून घेतली. या वेळी प्रत, जाडी आणि गोंदाचा प्रकार कागदावर लिहून घेतला, नमुन्याच्या तुकड्यावर दोघांनी सह्या केल्या आणि तो तुकडा माझ्याकडे ठेवला. माल उतरला त्या दिवशी रजा काढून घरी थांबले. प्रत्येक शीटची कड बघितली, जाडी मोजली. दोन शीट परत पाठवल्या.