हयातीचा दाखला फोन कॉलवर होत नाही

पेन्शनरांनी हयातीचा, म्हणजे आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा महिना, नोव्हेंबर, जवळ आलाय. इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत केंद्र सरकारचे पेन्शनर घरोघरी आहेत, म्हणून गेल्या वर्षी माझ्यावर जे ओढवलं ते लिहितो आहे.

दाखला द्यायचे तीन-चार दिवस उरले होते. सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. तरुण आवाज, अतिशय अदबशीर हिंदी. ‘सर जी, पेन्शन विभाग से बोल रहा हूँ, आपका जीवन प्रमाण पेंडिंग है.’ जीवन प्रमाण म्हणजे हाच दाखला, डिजिटल. मी सावध होतो. अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण त्यानं काही विचारलंच नाही. उलट त्यानंच माझा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक वाचून दाखवला, बाराच्या बारा आकडे. मग नोकरीला लागल्याची तारीख, निवृत्तीची तारीख, सुदामा नगरचा पत्ता, नॉमिनी म्हणून हिचं नाव. एवढं ज्याच्यापाशी आहे तो खात्यातलाच असणार, असं मी धरून चाललो. त्या पीपीओच्या झेरॉक्स मी इतक्या वर्षांत कुठे कुठे देऊन बसलोय, ते तेव्हा डोक्यातही आलं नाही.

व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. नाव ‘जीवन प्रमाण’, शेवटी ‘एपीके’, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, वर अशोकस्तंभ. उघडायला गेलो तर फोननंच बजावलं की ही फाइल धोक्याची असू शकते. ‘सर जी, वो तो सब में आता है,’ तो म्हणाला, आणि मी पुढे गेलो. मग एकामागून एक परवानग्या. एक एसएमएस वाचायची, एक ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची. ही दुसरी परवानगी ज्यांना दिसत नाही किंवा हात नीट चालत नाहीत, त्यांना फोन वापरता यावा म्हणून असते. ती हातात आली की ॲप आपला पडदा वाचू शकतं आणि आपल्या वतीनं बटणंही दाबू शकतं. शेवटी पेन्शन खात्याची पडताळणी म्हणून नेट बँकिंगचा पासवर्ड मागितला, तो मी टाकला. ओटीपी मी कुणाला सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती, मेसेज परस्पर त्यांच्याकडे जात होते.

‘अपडेट चालू आहे, हात लावू नका.’ पडद्यावर निळी पट्टी 40 टक्क्यांवर थांबलेली. मी फोन टेबलावर पालथा घातला आणि शेजारी बसून राहिलो. हिनं चहा आणला, विचारलं, ‘अहो, कुणाचा फोन होता?’ ‘पेन्शनवाल्यांचा,’ मी म्हणालो.

संध्याकाळी खातं उघडून पाहिलं. मुदत ठेव मोडलेली आणि 1,99,000 रुपये गेलेले. पाय गळाले. आणि इथे मी जे केलं तेच मला सगळ्यांना सांगायचं आहे. मी गप्प बसलो. हिला सांगितलं नाही, मुलाला पुण्याला फोन केला नाही. आयुष्यभर हिशेब सांभाळलेला माणूस मी, कोणत्या तोंडानं सांगणार? सकाळी शाखेत जाऊन गुपचूप निस्तरू, असं ठरवून रात्रभर जागा राहिलो. साडेदहाला शाखेत पोचलो, तोवर सव्वानऊला आणखी 1,85,000 गेले होते. आदल्या दिवशीची मर्यादा संपली म्हणून ते सकाळची वाट बघत होते.

शाखेतल्या बाईंनी खातं गोठवून तिथूनच 1930, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावून दिला. या नंबरवर तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं आणि खात्यात उरलेली रक्कम रोखली जाते. पण चोरांचे पैसे एका ठिकाणी थांबत नाहीत. भाड्यानं घेतलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतात आणि एटीएममधून निघतात. माझे 62,000 तेवढे सापडले.

रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक मुलानं नंतर मला वाचून दाखवलं. ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशीचे 1,85,000 माझ्या माथी आले नसते. ‘तेव्हाच सांगितलं असतंत तर मी रागावले असते का?’ ही म्हणाली. त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

हयातीचा दाखला बँकेत, पोस्टात, किंवा 70 रुपयांत घरी पोस्टमनकडूनही होतो. फोनवर चेहरा दाखवून करायचा तर ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं, व्हॉट्सॲपवर आलेलं नाही. ज्यांना 80 पूर्ण झाली त्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यांनी शेवटच्या आठवड्याची घाई ठेवूच नये. आणि अशी फाइल उघडली गेलीच, तर त्या फोनचं इंटरनेट बंद करून दुसऱ्याच्या फोनवरून तत्क्षणी 1930 लावा, बँकेलाही कळवा. घरच्यांना काय सांगायचं याचा विचार मागाहून करा.

रोखलेले 62,000 सोडवायला न्यायालयाचा आदेश लागतो. अर्ज दिला आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे. या वेळी ही सोबत येणार आहे.