पुण्यातली इंटर्नशिप, २१,९३० रुपये आणि पावतीवरचं सहावं अक्षर

पाच पोरं, प्रत्येकी २१,९३० रुपये, एकूण १,०९,६५० रुपये. सगळी सांगलीतल्या एकाच कॉलेजची, कॉम्प्युटर शाखेची, चौथं सेमिस्टर संपवून सुट्टीत पुण्याला इंटर्नशिप करायला निघालेली. त्यातलं एक माझं. मी पतसंस्थेत सतरा वर्षं हिशेब लिहितो, दुसऱ्यांच्या पावत्या तपासतो, आणि हे पैसे माझ्याच मोबाइलवरून, माझ्याच हातानं गेलेत. कुणाला तोंड दाखवायची लाज वाटते. पण गप्प बसलो तर पुढच्या मे महिन्यात हीच पावती मिरज, तासगाव, विट्याच्या कुठल्यातरी घरात जाणार, म्हणून लिहितोय.

खोट्या इंटर्नशिपचा हा प्रकार कसा चालतो हे सांगत बसत नाही. कॉलेजच्या ग्रुपवर लिंक, वीस प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा ज्यात कुणीच नापास होत नाही, दोन तासांत ऑफर लेटर, ‘आज रात्री बारापर्यंतच जागा’. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आम्हीही ऐकलेलं होतं.

पैसे कसे गेले ते मात्र नीट बघा, कारण फसवणूक त्या रकमांच्या मांडणीतच आहे. १४ मे, नोंदणी शुल्क १,१८० रुपये. १७ मे, लॅपटॉपची परत मिळणारी अनामत १०,०३०. २१ मे, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र ४,७२०. २६ मे, बाणेरमधल्या पीजीचा, म्हणजे राहायच्या भाड्याच्या खोलीचा, टोकन ६,०००. एकदम २२ हजार मागितले असते तर घरात चार माणसं बसून विचार केला असता. १,१८० रुपयांसाठी कोण बसतं? आणि एकदा ते दिले की पुढचे न देणं म्हणजे आधीचे बुडवणं वाटायला लागतं. स्टायपेंड सांगितला होता महिना १२,०००, दोन महिन्यांचे २४,०००. म्हणजे सगळं देऊनही २,०७० शिल्लक, वर अनामत परत येणारच. मागण्या स्टायपेंडच्या आत बसवलेल्या होत्या. बापाच्या डोक्यात हा हिशेब होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता १७ मेची पावती. ती आठवली की अजून झोप उडते. पावतीवर लिहिलं होतं: लॅपटॉप सुरक्षा अनामत, परतावायोग्य, ८,५००. त्याखाली सीजीएसटी ९ टक्के ७६५, एसजीएसटी ९ टक्के ७६५, एकूण १०,०३०. परत द्यायच्या अनामतीवर जीएसटी लागतच नाही! अनामत ही सेवेची किंमत नव्हे. ती पुढं शुल्कात वळती केली तरच कराचा प्रश्न येतो. हे मला रोजच्या कामातलं माहीत आहे. संस्थेत कुणी अशी पावती आणली असती तर मी ती टेबलावरून परत ढकलली असती. आणि इथं मी फक्त तळाची बेरीज बघितली, ती बरोबर होती, आणि पिन टाकला.

त्याच पावतीवर जीएसटी नंबर होता. पंधरा अक्षरांचा, सुरुवात २७नं, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे नोंदणी करणाऱ्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की तो कुणाचा आहे: कंपनी असेल तर सी, भागीदारी संस्था किंवा एलएलपी असेल तर एफ, एकटा माणूस असेल तर पी. म्हणजे जीएसटी नंबरात डावीकडून सहावं अक्षर बघायचं. लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावं अक्षर पी. बस्स, एवढं एकच अक्षर. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता नंबर टाकला की नोंदणीचं नाव, व्यवसायाचं नाव, नोंदणीची तारीख, सगळं दिसतं. आम्ही ते बघितलं जून महिन्यात. नंबर खरा निघाला, पण दुसऱ्याच जिल्ह्यातल्या मोबाइल दुकानदाराचा. त्या बिचाऱ्याला कदाचित पत्ताही नसेल.

मला दोष द्या, पण एवढं तरी ऐका. लिंक आली ती कॉलेजच्या अधिकृत ग्रुपवर, एका शिक्षकांनी पुढं पाठवलेली. मोबाइलवर कंपनीचं नाव शोधलं तर संकेतस्थळ होतं, पुण्याचा पत्ता होता, मागच्या वर्षीच्या मुलांचे फोटो होते. लेटरवर कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांक, होता आणि तो कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडला. शिवाय मुलगा दारात उभा: “पप्पा, बाकी चौघांनी भरले, माझीच सीट राहिलीय.” अशा वेळी कुठला बाप पावतीतली अक्षरं मोजत बसतो? मोजायला हवी होती, हे आता कळतं.

सीआयएन सापडला म्हणजे झालं असं समजू नका. तो एकवीस अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर एल किंवा यू, मग पाच आकडे उद्योगाचे, दोन अक्षरं राज्याची आणि मग चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे. नववा ते बारावा आकडा वाचा. आमच्या लेटरवर मोठ्या अक्षरात ‘२०११ पासून सेवेत’ आणि सीआयएनमध्ये २०२४. वर नाव जुळवून बघितलं तर नोंदलेल्या कंपनीच्या नावात नसलेला एक शब्द लेटरहेडवर जादा होता. दुसऱ्याच कंपनीचा नंबर उचलून आपल्या कागदावर चिकटवलेला.

खऱ्या इंटर्नशिपचे कागद उलट्या दिशेनं फिरतात, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आधी कॉलेजचं शिफारसपत्र किंवा एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, जातं, त्यावर कंपनीचं स्वीकृतिपत्र येतं, मग रुजू व्हायची तारीख, गेटपास किंवा ओळखपत्र, कंपनीतल्या मार्गदर्शकाचं नाव, रोजची डायरी, आणि शेवटी प्रमाणपत्र. कुपवाड एमआयडीसीतला छोटा कारखानादारसुद्धा आधी कॉलेजचं पत्र मागतो, कारण मुलाला काही झालं तर जबाबदारी त्याच्यावर येते. आमच्या पोरांकडं कुणी एनओसी मागितली नाही. आधार, पॅन आणि फोटो मागितला. पैसे मागितले. कॉलेजला विचारायची गरज ज्या कंपनीला वाटत नाही, तिला मुलगा नको असतो. आणि पैसे देऊन मिळते ती इंटर्नशिप नव्हे, फार तर क्लास असतो.

लेटरच्या तळाशी ‘पंतप्रधान इंटर्नशिप योजनेशी संलग्न’ अशी ओळ आणि सरकारी वाटेल असा शिक्का होता. ही योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली ती २१ ते २४ वयोगटासाठी. पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलाला त्या अटींमध्ये जागाच नव्हती, आणि नोंदणीला पैसे तर मुळीच नव्हते. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं इंटर्नशिप पोर्टल आहे, तिथंही मुलाला नोंदणी फुकट. ज्या कागदावर सरकारचं नाव आणि शुल्काचा आकडा एकत्र दिसेल, तो तिथंच बाजूला ठेवा.

पैसे पाठवताना यूपीआय ॲप समोरच्या खात्याचं नाव दाखवतं. चार वेळा पैसे गेले, चार वेगळे आयडी. एकदा कुठलंतरी ट्रेडर्स, एकदा एंटरप्रायझेस, दोनदा माणसांची नावं. विचारलं तर ‘हे आमचे पेमेंट पार्टनर आहेत’ असं उत्तर. कंपनीचा पगार, भाडं, कर सगळं तिच्या चालू खात्यातून होतं. पोराची अनामत ट्रेडर्सच्या खात्यात का जाईल?

२ जूनला पोरं पहाटेच्या गाडीनं स्वारगेटला उतरली आणि बाणेरला गेली. पत्ता खरा होता. को-वर्किंगची, म्हणजे कुणालाही टेबल-हॉल भाड्यानं देणारी इमारत, खाली रिसेप्शन. हॉल तीन तासांसाठी भाड्यानं घेतलेला. त्रेचाळीस मुलं, सातारा, सांगली, सोलापूर, लातूरकडची. एकानं प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवल्या, लॅपटॉप पुढच्या आठवड्यात कुरिअरनं येतील म्हणाला, तोपर्यंत घरूनच काम. पीजीवर गेले तर मालकाकडं बुकिंगच नाही, त्यानं कंपनीचं नावही ऐकलेलं नव्हतं. इमारतीच्या रिसेप्शनला आधी एक फोन करून ‘ही कंपनी कुठल्या मजल्यावर, कधीपासून, किती माणसं बसतात’ एवढं विचारलं असतं तर खर्च शून्य होता. पीजीचे पैसे तर खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय, मालकाच्या हाती किंवा मालकाच्याच खात्यात सोडून कुठंही देऊ नका. कंपनीमार्फत कधीच नाही.

घरून काम काय दिलं? ओळखीतली तीन मुलं आणा, प्रत्येकी ७०० रुपये मिळतील.

६ जूनला ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय झाली आणि जुने मेसेज पुसले जायला लागले. शंका आली त्या मिनिटाला चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा. आमच्यातल्या एकीनं ते केलं होतं, म्हणून हाती काहीतरी आहे.

पैसे गेल्याचं पोरांना २ जूनलाच कळलं होतं. मला कळलं ११ जूनला. मधले नऊ दिवस पाचही जणांनी घरी चकार शब्द काढला नाही, कारण प्रत्येकाकडून शंभराच्या स्टॅम्पवर बाँड लिहून घेतला होता: मधेच सोडलं किंवा बदनामी केली तर ५०,००० दंड. पोरं घाबरली, रात्रीचं जेवायचीही नाहीत. महाराष्ट्रात असल्या करारांचा किमान मुद्रांक ऑक्टोबर २०२४पासून ५०० रुपये आहे, शंभराचा स्टॅम्प बघूनच मला कळलं असतं. पण तो मला दाखवला कुणी? आणि बाँड खरा असला तरी फसवणुकीची तक्रार करण्यापासून तो कुणाला अडवू शकत नाही. मुलांना हे आजच सांगून ठेवा. पैसे गेले तर रागावणार नाही, पण त्याच तासाला सांग, असं सांगा.

कारण १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर तासांवर चालतो. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच हाती लागतात. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि समोरचा आयडी लागतो. प्रत्येक व्यवहाराची वेगळी नोंद द्या, बेरीज सांगू नका. मिळालेला पोचक्रमांक कागदावर लिहून ठेवा. आम्ही फोन केला तेव्हा शेवटच्या व्यवहारालाही सोळा दिवस उलटून गेले होते.

मग सुरू झाले हेलपाटे. इथल्या ठाण्यात पहिलं वाक्य काय ऐकावं? “अहो काका, पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना? कुणी गळा धरला होता का?” दुसरं वाक्य, “बाणेर आमच्या हद्दीत येतं का? तिकडं द्या.” पाच पालक, एकाची हळदीची अडत, एक एसटीत, एकजण रोजंदारीवर. कामाचा खाडा करून सगळे पुण्याला गेलो. तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे सांगलीतून गेले, गुन्हा सांगलीचा. सांगलीत परत आलो तर ते साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पण पोच देईनात. पोच कशाला पाहिजे, म्हणे! बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलाय, हा अनधिकृत व्यवहार होत नाही, एवढं बोलून पुढच्या माणसाला बोलावलं. कॉलेजात गेलो तर ग्रुपवरच्या जाहिरातीला आम्ही जबाबदार नाही. हेच कॉलेज इंटर्नशिपशिवाय क्रेडिट देत नाही, पण इंटर्नशिप खरी की खोटी हे बघायला तिथं कुणाला वेळ नाही. मुलांना दारात उभं करून ‘एवढं कळत नाही का’ म्हणणारी माणसं मात्र प्रत्येक टेबलावर भेटली.

तुमच्यावर ही वेळ आली तर हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. तीच झिरो एफआयआर. नोंदवून घेत नसतील तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालानं पाठवता येते. आम्ही स्पीड पोस्टानं पाठवली, पावती जपून ठेवली आणि आठव्या दिवशी त्याच ठाण्यातून बोलावणं आलं. अर्जात ‘पैसे परत मिळावेत’ असं लिहू नका, ते दिवाणी भांडण ठरवून बाजूला टाकतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड, म्हणजे दुसऱ्याचं रूप घेऊन ऑनलाइन केलेली फसवणूक, लिहा, आणि दुसऱ्या कंपनीचा सीआयएन वापरला ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात घ्या.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत, आणि २०१९च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला पळावं लागत नाही. नोटीस लागायला समोरच्याचा पत्ता मात्र खरा हवा, आणि आमच्याकडं तोच नाही.

सध्या एका व्यवहाराचे ४,७२० रुपये कुठल्याशा खात्यात अडवलेले दिसतात. तेही अजून हातात आलेले नाहीत.

आणि पाचांतल्या एका पोराचं अजून वेगळंच होऊन बसलंय. त्यानं भाबडेपणानं दुसऱ्या वर्षातली दोन मुलं जोडली आणि त्याच्या खात्यात १,४०० रुपये आले. ते त्याच साखळीतल्या खात्यातून आले म्हणून बँकेनं त्याचं खातं गोठवलं. बक्षीस, कमिशन, रेफरल, कुठल्याही नावानं आलेला पैसा असा अंगावर येतो. आम्ही त्याच्यासाठी सायबर शाखेकडं वेगळा अर्ज केलाय, दोन्ही मुलांचे जबाब जोडलेत, १,४०० रुपये जमा करायची तयारी लिहून दिलीय. उत्तर आलेलं नाही. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या त्याच खात्यात जमा होते.