धिंगरी की रेशी? शेतातल्या काडीकचऱ्यावर कोणती अळिंबी घ्यावी

सोयाबीनचे कुटार जाळून टाकण्यापेक्षा त्यावर औषधी अळिंबी घ्यावी, असे ठरवणाऱ्या शेतकऱ्यापुढे धिंगरी (ऑयस्टर मशरूम) आणि रेशी (गॅनोडर्मा ही औषधी म्हणून विकली जाणारी अळिंबी) हे दोन पर्याय येतात. दोन्हींत बीटा-ग्लुकान हा तंतुमय घटक आढळतो. मात्र विक्रेत्यांचे रोग बरे करण्याचे दावे बाजूला ठेवून खर्च, कष्ट आणि विक्री पाहावी.

धिंगरीला कुटार किंवा गव्हाचे काड रात्रभर भिजवून सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की पुरते. चूल आणि पिंप एवढ्यावर भागते. रेशी मुख्यतः लाकडाच्या भुशावर घेतात आणि त्यात गव्हाचा कोंडा मिसळतात; या पोषक मिश्रणावर हिरवी बुरशी सहज वाढते, म्हणून पिशव्या १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक कराव्याच लागतात. खरा खर्च इथेच आहे आणि येथे केलेली काटकसर संपूर्ण लावण वाया घालवते.

धिंगरीची पहिली तोडणी तीन-चार आठवड्यांत होते, तर रेशीला काही महिने लागतात. मात्र २८ ते ३५ अंशांची उष्णता तिला मानवते.

ताजी धिंगरी दोन-तीन दिवसांत विकावी किंवा वाळवावी लागते. रेशी लाकडासारखी कठीण असल्याने भाजी म्हणून खपत नाही, पण वाळवून नीट टिकते. तिचा खरेदीदार आधीच पक्का हवा.

घरचे काड, थोडे भांडवल आणि जवळचा आठवडी बाजार असेल तर धिंगरी घ्यावी. निर्जंतुकीकरणाची सोय, लाकडाचा भुसा आणि लेखी खरेदी-करार असणाऱ्या गटाने रेशीकडे वळावे.