अनंताला चिलेटेड लोह दिलं: आठ महिन्यांनंतर

चिलेटेड लोह म्हणजे दुसऱ्या एका पदार्थानं धरून ठेवलेलं लोह, त्यामुळे ते विरघळलेलं राहतं आणि मुळांना मिळतं. पाकीट आणल्या दिवशीच लिहिणार होते, पण झाड हसलं की रुसलं हे आठवड्यात कळत नाही. म्हणून थांबले.

माहेर माझं रत्नागिरीकडचं. तिथे विहिरीजवळ जांभ्या मातीत अनंत आहे. त्याला कुणी खत घातल्याचं मला आठवत नाही, आणि तरी फुलला की अख्खं खळं घमघमतं. पुण्यात तळमजल्याचं घर मिळालं तेव्हा हौसेनं पहिला अनंतच लावला, कुंपणाच्या भिंतीला लागून. दुसऱ्या वर्षी शेंड्याची पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधलं सगळं लिंबासारखं. कळ्या वाटाण्याएवढ्या व्हायच्या आणि गळायच्या. नर्सरीतले काका म्हणाले, "ताई, बुडाशी गंजके खिळे पुरा." पुरले. ते अजून तिथेच आहेत.

शेवटी चमचाभर माती वाळवून बशीत घेतली आणि वर व्हिनेगर ओतलं. सोडावॉटरसारखी फसफसली! म्हणजे चुनखडी. आधीच काळी माती, त्यात बांधकामाच्या वेळी भिंतीलगत गाडलेला राडारोडा. अशा मातीत लोह असतं भरपूर, पण विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. खिळे पुरून काय होणार? नत्र कमी असतं तर आधी खालची पानं पिवळी पडली असती. लोह जुन्या पानांतून शेंड्याकडे सरकत नाही, म्हणून नवी पालवी आधी जाते.

ऑक्टोबरात ईडीटीए 12% (ईडीटीए हा लोह धरून ठेवणारा पदार्थ, 12% म्हणजे त्यातलं लोह) घेतलं आणि मातीत घातलं. दोन महिने ढिम्म. चूक माझीच. मातीचा सामू (पीएच) साधारण साडेसहाच्या वर गेला की ईडीटीएची लोहावरची पकड सुटत जाते. आमच्या मातीत ते कसलं टिकतंय. पानांवर फवारलं तेव्हा ती पानं हिरवी झाली, पण मागून आलेली पुन्हा पिवळीच.

जानेवारीअखेर ईडीडीएचए 6% आणलं, म्हणजे लोह धरणारा पदार्थ दुसरा. बरंच महाग आहे, पण चुनखडीच्या मातीत टिकतं ते हेच. दाणे हुबेहूब चहा पावडरीसारखे. अर्धा छोटा चमचा अर्ध्या बादलीत टाकला की पाणी रक्तासारखं लाल होतं. फरशीवर सांडू देऊ नका, माझ्या पायरीवरचा डाग अजून गेलेला नाही. उन्हानं ते खराब होतं, म्हणून संध्याकाळी, ओल्या मातीतच ओतते. तीन आठवड्यांत नवी पालवी हिरवी आली. जुनी पानंही थोडी सावरली. कडा करपलेली मात्र गेली ती गेलीच.

मार्चमध्ये पुन्हा पिवळं. आता काय झालं? एका दुपारी बघते तर सासूबाई आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादली भरून अनंताला घालतायत. "एवढं पाणी मोरीत सोडायचं?" त्यांचंही बरोबरच होतं. पण आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यातले क्षार आणखी घट्ट होऊन याच पाण्यात उतरतात. म्हणजे मी लोह घालत होते आणि घरातूनच रोज चुना ओतला जात होता. आता ते पाणी फरशी पुसायला जातं, अनंताला नळाचं. एप्रिलात लोहाचा दुसरा डोस दिला.

मे महिन्यात सात फुलं आली. माहेरच्या झाडापुढे सात म्हणजे काहीच नाहीत. पण पहिलं फूल सासूबाईंनी देवाला न वाहता आधी माझ्या हातात आणून ठेवलं.

तक्रार एकच, पाकिटाची. बंद करायला झिप नाही, दमट हवेत दाण्यांचं ढेकूळ होतं. आणि हा एकदाचा इलाज नव्हे. चुनखडी कुठे जात नाही, दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा द्यावं लागेल असं दिसतंय. पाचपैकी चार देईन.

उरलेलं आता स्टीलच्या घट्ट डब्यात भरून माळ्यावर ठेवलंय. वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: "हा चहा नाही."